मधली वर्षं कुणाच्या वाट्याला आली?

वयात येणाऱ्या मुलाची मराठी कादंबरी म्हटली की पहिलं नाव ‘शाळा’चं निघतं. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ मधली; काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार मित्र जमतात आणि कोण कुणाला ‘लाईन’ देतं याची चर्चा रंगते. बोलणं मोठ्यांचं उचललेलं, शिव्यांसकट. पण त्याला आवडणारी शिरोडकर समोर आली की मुकुंदाला शब्द फुटत नाही. बोकिलांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी या पोराला स्वतःचं शहाणपण उसनं दिलेलं नाही. त्याला उमगतं तेवढंच पानावर येतं. आणीबाणीसुद्धा मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडते तेवढीच.

प्रकाश नारायण संतांचा लंपन आणखी लहान. आजी-आजोबांकडे, कानडी कानावर पडणाऱ्या मुलखात तो वाढतो. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ हे कथासंग्रह खरे, पण ओळीने वाचले तर हाती कादंबरीच लागते. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर कॉलेजात पोचलेला. अमेरिकन कादंबरीकार सॅलिंजरच्या होल्डनशी त्याची तुलना होत आली आहे. दोघांच्याही दुःखाच्या मुळाशी लहान वयात गेलेलं भावंड आहे, आणि साम्य मला तिथेच खरं वाटतं. धाकटी बहीण मनी गेल्यावर पांडुरंगाच्या पोरपणाला परतीची वाट उरत नाही.

हे तिघेही वाढले, कारण त्यांना वाढायला सवड होती. घरात कुणीतरी दोन वेळचं बघत होतं. म्हणून या यादीत आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) अग्रभागी हवी, असं माझं ठाम मत आहे. कागलच्या आन्द्याला बाप शाळेतून काढून मळ्यात जुंपतो. बाकीची पोरं मोठं व्हायला धडपडतात. हा धडपडतो तो पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी. आई त्याला घेऊन गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जाते, गाऱ्हाणं घालते. देसाई बापाला खडसावतात. बाप कबूल होतो, पण अटी घालून: दिवस उगवताच मळ्यात हजर व्हायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, तिथूनच शाळा गाठायची, सुटल्यावर गुरं राखायची आणि काम जास्त असलं तर शाळेला खाडा. वर्गात बरोबरीचे पुढे गेलेले, शेजारी लहान पोरं बसलेली, त्यात चेष्टा. मग सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात आणि मळ्यात एकटं राबणारा आन्द्या स्वतःच्या ओळी जुळवू लागतो. कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी ओढतो. किशोरवयाचं याहून खरं चित्र माझ्या वाचनात नाही. या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण वयात येण्याच्या गोष्टींत त्याचं नाव क्वचितच घेतलं जातं. ग्रामीण साहित्याच्या कप्प्यात ते बंद करून टाकणं हा आपल्या वाचनाचा दोष आहे.

या पुस्तकांत मुलगी मात्र बाहेरूनच दिसते. शिरोडकरचं कुटुंब गाव सोडून जातं. तिच्या मनात काय होतं हे मुकुंदाला कळत नाही आणि आपल्यालाही. शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’ची ‘चौघीजणी’ केली. हट्टी, लिहिणारी ज्यो मराठी मुलींना भेटली ती परदेशातून. शिरोडकरच्या बाकावरून लिहिलेली ‘शाळा’ मला वाचायची आहे.