स्टॅटिक कॅराव्हॅन विकताना हाती किती येतं?

“समुद्रकाठची प्रॉपर्टी आहे ती, आज ना उद्या भाव वाढणारच!” इंग्लंडमधल्या मराठी मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली पहिले दोन शब्द कानावर पडले तरी पुढचं मला पाठ असतं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. कुणी आयटीत असतं, कुणी एनएचएसमध्ये डॉक्टर. पुण्यात घेऊन ठेवलेल्या फ्लॅटचा भाव त्यांच्या डोळ्यांदेखत चढलेला असतो आणि तोच हिशेब ते ब्रिडलिंग्टन किंवा स्केगनेसच्या किनाऱ्यावरच्या कॅराव्हॅन पार्कात एका जागी उभ्या केलेल्या स्टॅटिक कॅराव्हॅनला लावतात. दोन बेडरूम, गॅसची शेगडी, डबल ग्लेझिंग, खिडकीतून समुद्र आणि किंमत एखाद्या बऱ्या गाडीएवढी. मग आणखी काय हवं?

सहा-सात वर्षांनी विकायची वेळ येते आणि सूर बदलतो. “अहो, पार्कवाले चक्क लुटतायत! एवढे पैसे मोजले आणि आता चौथा हिस्साही द्यायला तयार नाहीत.”

पार्कवाले साधुसंत असतात असं माझं म्हणणं नाही. पण बहुतेक वेळा खरी गोची सौद्यात नसते, मालकाच्या डोक्यातल्या हिशेबात असते. त्याने विकत घेतलं एक आणि विकायला काढलंय दुसरंच.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनची व्याख्या १९६० च्या कॅराव्हॅन साइट्स कायद्यात आहे: राहण्याजोगी आणि एका जागेवरून दुसरीकडे हलवता येईल अशी रचना. १९६८ च्या कायद्याने दोन तुकड्यांत आणून जागेवर जोडलेली रचनाही त्यात बसवली आणि मापाची मर्यादा घातली. इंग्लंडात २००६ पासून ती २० मीटर लांब, ६.८ मीटर रुंद अशी आहे. म्हणजे भला थोरला ‘लॉज’ म्हणून जे विकतात, तेही कायद्याच्या नजरेत बहुधा कॅराव्हॅनच. सगळं त्या ‘हलवता येईल’वर येऊन ठेपतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९७ मध्ये एलिटस्टोन विरुद्ध मॉरिस या खटल्यात नुसत्या काँक्रीटच्या खांबांवर टेकलेला एक लाकडी बंगला जमिनीचाच भाग ठरवला, कारण तो मोडल्याशिवाय तिथून नेणं शक्य नव्हतं. कॅराव्हॅन न मोडता नेता येते, म्हणून ती जंगम वस्तू.

जंगम वस्तूची लँड रजिस्ट्रीत नोंद नाही. तिच्यावर स्टँप ड्यूटी नाही. तिला गृहकर्ज नाही. मिळतं ते वैयक्तिक कर्ज किंवा हायर पर्चेस. विक्रेत्याने “स्टँप ड्यूटी लागत नाही बरं का” म्हटल्यावर गिऱ्हाईक खूश होतं. खरं तर तिथेच थबकायला हवं. सरकार ज्याला मालमत्ता मानून कर घेत नाही, ते मालमत्तेसारखं वाढेल कशाच्या जोरावर?

घराचा भाव वाढतो तो जमिनीमुळे. भिंती दरवर्षी जुन्याच होतात. इथे जमीन पार्कची, तुमच्या मालकीचं फक्त वरचं खोकं. ते तिथे ठेवण्याची ठरावीक वर्षांची परवानगी पार्क लायसन्स करारावर देतं आणि त्याबद्दल वर्षाला काही हजार पाउंड पिच फी घेतं. लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतःच्या पैशाने उंची फर्निचर करून घेतलंत, तर करार संपताना फ्लॅटच्या वाढलेल्या भावातला वाटा मागाल का? तसंच हे.

म्हणून स्टॅटिक कॅराव्हॅनला भाव एक नसतो, दोन असतात. हे न कळल्यामुळेच भांडणं होतात. पहिला, पार्कबाहेर उचलून नेली तर नुसत्या खोक्याचा. दुसरा, आहे त्या जागेवर, उरलेल्या वर्षांसकट. पहिला तळाचा, दुसरा वरचा, आणि वर्षागणिक दुसरा पहिल्याकडे घसरत जातो.

आकड्यांत मांडतो. आकडे माझे, नुसते समजावण्यापुरते. समजा १५ वर्षांचा करार आहे, ७ वर्षं झाली, ८ उरली. तेवढ्याच वयाची, तशीच कॅराव्हॅन त्याच पार्कचं विक्री कार्यालय २३,००० पाउंडांना विकतंय. कार्यालय सोबत हप्ते देतं, थोडीफार वॉरंटी देतं. तुम्ही यातलं काहीच देऊ शकत नाही. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक २०,००० च्या वर जाणार नाही असं धरून चला. त्यातून पार्कचं कमिशन जातं. हॉलिडे पार्कच्या करारात ते बहुधा १५ टक्के अधिक व्हॅट असतं. १५ टक्के म्हणजे ३,०००, त्यावर २० टक्के व्हॅट ६००. हातात १६,४००. पिच फीची बाकी आणि कर्जाचे हप्ते यातूनच फेडायचे.

आता तळ शोधा. जुन्या स्टॅटिक घेणाऱ्या दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन करून मेक, मॉडेल, वर्ष, लांबी-रुंदी आणि बेडरूम सांगा. समजा ते येऊन उचलून नेण्याचे ६,५०० देतात. १६,४०० आणि ६,५०० मधला ९,९०० चा फरक हा त्या आठ उरलेल्या वर्षांचा मोबदला आहे. आठाने भागलं तर वर्षाला १,२०० च्या थोडं वर. याचा अर्थ, ‘अजून एक वर्ष थांबू, बाजार सुधारेल’ म्हणून बसण्याची किंमत तेवढी, आणि पिच फी वेगळी. खोकंही दरम्यान जुनं होत असल्यामुळे तळसुद्धा खाली जातो, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. सूत्र ढोबळ आहे, पण समोरचा लुटतोय की खरं बोलतोय, हे ताडायला पुरतं.

पण या सगळ्याआधी करारातलं एक कलम शोधा: उरलेली वर्षं नव्या मालकाकडे जातात का? काही करारांत जातात, काहींत पार्क नव्या मालकाशी कमी मुदतीचा नवा करार करतं, आणि काहींत विकलेली कॅराव्हॅन जागेवरून हलवावीच लागते. हे शेवटचं कलम असेल तर वरचा भाव विसरा, तळाचाच तुमचा. कलम न वाचता किमतीवर वाद घालणाऱ्यांशी बोलण्यात मी हल्ली वेळ घालवत नाही.

सगळ्यात जास्त चटका बसतो तो पहिल्याच वर्षी. नवी कॅराव्हॅन जागेवर बसवून मिळते, तेव्हा तिच्या किमतीत कारखान्याचा दर असतो, हल आणि बेव्हर्लीच्या परिसरातून (ब्रिटनमधल्या पुष्कळ स्टॅटिक तिथेच बनतात, विलर्बी आणि एबीआय तिथल्याच) ट्रकवर आणण्याचा खर्च असतो, बसवणं, गॅस-पाणी-वीज जोडणं, पायऱ्या आणि पार्कचा नफा असतो. वर व्हॅट. बीएस ३६३२ या निवासी मानकाची नसलेल्या मोठ्या स्टॅटिकवर तो ६ एप्रिल २०१३ पासून ५ टक्के आहे. यातला कारखान्याचा माल सोडला तर बाकी काहीच पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. ते किल्ली हातात पडली त्या दिवशीच खर्च झालेलं असतं.

आता खोक्याकडे वळू. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन कॅराव्हॅनमध्ये हजारोंचा फरक पडतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे. जाणता गिऱ्हाईक सोफ्याकडे पाहतसुद्धा नाही. तो सरळ बाथरूमकडे जातो आणि शॉवरच्या कडेला टाच दाबून बघतो. जमीन किंचित जरी दबली, तरी खालचा चिपबोर्ड भिजून फुगलाय हे त्याला कळतं. मग बेडरूममधल्या खिडकीचा खालचा कोपरा, पलंगाच्या डोक्याकडची भिंत, वरच्या कपाटांच्या आतली कड. वॉलपेपरवर चहाच्या रंगाचा ओघळ दिसला, की खिशातून ओल मोजायचं यंत्र निघतं. शेवटी वाकून खाली टॉर्च मारायचा: चासिस गॅल्व्हनाइज्ड आहे की रंगवलेली, आणि रंगवलेली असेल तर खारा वारा तिला किती खाऊन गेलाय. हिवाळ्यापूर्वी पाइपांतलं पाणी काढून टाकल्याच्या पावत्या तुमच्याकडे असतील तर त्या पुढे करा. गोठून फुटलेल्या पाइपाची भीती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात असते. सेंट्रल हीटिंग, डबल ग्लेझिंग आणि १० ऐवजी १२ फुटांची रुंदी यांना भाव मिळतो. नव्या पडद्यांना मिळत नाही, मग ते कितीही हौसेने शिवलेले असोत.

कमिशनवरून हमखास होणारा घोळ इथेच मिटवू. “कायद्याने दहाच टक्के घेता येतात, मी वाचलंय,” असं ठासून सांगणारा प्रत्येक ग्रुपवर एक असतोच. त्याने वाचलंय ते खरं आहे, फक्त ते दुसऱ्याच वस्तूबद्दल आहे. कमाल १० टक्के कमिशनची मर्यादा १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याखालची, आणि तो कायदा बारमाही राहण्याच्या ‘पार्क होम’साठी आहे. तिथल्या रहिवाशाला जागेवर राहण्याचं संरक्षण मिळतं, विकण्याचा हक्क मिळतो. २०१३ च्या सुधारणेनंतर इंग्लंडात केलेल्या नव्या करारांत तर खरेदीदारासाठी पार्कमालकाची मंजुरीही लागत नाही. सुट्टीपुरत्या वापराच्या स्टॅटिकला यातलं काही लागू होत नाही. तिचा आधार म्हणजे तुम्ही सही केलेला करार, आणि करारातली अट अन्याय्य असेल तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा. दोन्ही वस्तू बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून घोळ होतो हे मान्य. पण वर्षातले काही आठवडे बंद राहणाऱ्या पार्कात, ‘हे माझं मुख्य घर नाही’ असं लिहून देणाऱ्यानेच पार्क होमचे हक्क सांगू लागावं, याला काय म्हणायचं?

उरलेले गैरसमज झटपट.

“१५ वर्षांनी हटवायची असा कायदाच आहे.” असा कायदा नाही. वयाची मर्यादा करारातून येते आणि पार्कागणिक बदलते.

“इथे भाव नाही मिळाला तर उचलून दुसऱ्या पार्कात नेऊ.” न्याल, पण ठेवाल कुठे? बरीच पार्क आपल्याकडून विकत न घेतलेली कॅराव्हॅन उभीच करू देत नाहीत. शिवाय १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. २.९ मीटरपेक्षा रुंद माल रस्त्यावर आणायचा तर कामकाजाचे दोन पूर्ण दिवस आधी पोलिसांना कळवावं लागतं आणि ३.५ च्या वर गेला की सोबत मदतनीसही लागतो. वाहतूकदार हे सगळं तुमच्या बिलात लावतो.

“विम्याच्या कागदावर ४५,००० लिहिलंय.” तो नवी आणून बसवण्याचा खर्च आहे. विक्रीच्या भावाशी त्याचा संबंध नाही.

“डेकिंगलाच ५,००० घातलेत.” घातलेत खरे, परत येताना त्यातले थोडेच येतील, आणि कॅराव्हॅन हलवायची ठरली तर डेकिंग काढण्याचे पैसे तुम्हीच द्याल.

“ग्लासेस गाइडमध्ये अमुक भाव आहे, पार्कने तेवढा द्यायलाच हवा.” ते व्यापाऱ्यांचं भावपुस्तक आहे, त्यातला भाव पिच न धरता नुसत्या खोक्याचा असतो. बोलणी सुरू करायला उपयोगी. बंधन कुणावरच नाही.

“भाड्याने दिली की भाव चढतो.” झीज चढते. आणि भाड्याने देत असाल तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र नसेल तर गिऱ्हाईक पुढची चौकशी करत नाही.

“पार्ट-एक्स्चेंजमध्ये मला भाव मस्त मिळाला.” जुनीचा भाव वाढवून नवीची सूट काढून घेणं ही फार जुनी हातचलाखी आहे. जुनी देऊन नवी घेताना खिशातून एकूण किती जातात, एवढंच विचारा.

“घाई काय, दिवाळीनंतर बघू.” नोव्हेंबरात पाणी बंद, हीटर बंद, पार्कात चिटपाखरू नाही. गिऱ्हाईक कॅराव्हॅन चालू करून बघू शकत नाही आणि मार्चमध्ये पुढची पिच फी भरायची तुमची तारीख त्याला ठाऊक असते. विकायची तर ईस्टरपासून पुढे, नळाला पाणी असताना.

आणि “पार्क परत घेतंच.” तसं बंधन बहुतेक करारांत नसतं. घ्यायला तयार असेल तर आकडा लेखी मागा. तो आकडा किती दिवस कायम राहील, पिच फीची बाकी त्यातून कापणार का आणि तो व्हॅट धरून आहे की सोडून, हे सगळं त्याच कागदावर लिहून घ्या.