राखणदार नव्हे, घरचा माणूस

अल्सेशियन कुत्रा पाळायचा म्हटले, की आपल्या मंडळींना प्रथम आठवते ती साखळी आणि मग फाटकावरची ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी. आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात शेरू नावाचा ३४ किलोंचा जीव गेली ९ वर्षे नांदतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या दोन्ही वस्तूंवाचून काही अडत नाही. अडते ते कामावाचून. या कुत्र्याला काम लागते!

त्याची कुळकथा पाहिली की हे उमगते. जर्मनीत मेंढरे उभ्या पिकात शिरू नयेत म्हणून दिवसभर शेताच्या कडेने फेऱ्या घालणे हा याच्या पूर्वजांचा धंदा. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या माजी घोडदळ-अधिकाऱ्याने अशा कुत्र्यांतून ‘जर्मन शेफर्ड’ ही जात बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्द सोसवेना, म्हणून त्यांनी पुन्हा बारसे करून ‘अल्सेशियन’ म्हटले. आपल्याकडे तेच नाव रुजले.

असा कष्टाळू प्राणी दिवसभर गॅलरीत बांधून ठेवला तर काय होईल? तो भुंकेल, चपला फाडील आणि एक दिवस पाहुण्याच्या पोटरीला दात लावील. मग मंडळी म्हणतात, ‘जातच वाईट!’ आणि त्याची पाठवणी होते. शेरूला आम्ही कामे लावून दिली आहेत. सकाळी फिरून परतताना वर्तमानपत्र तोंडात धरून वर आणणे, लपून बसलेल्या धाकट्याला वास काढीत शोधणे, ‘बस’ म्हटले की दार उघडेपर्यंत बसून राहणे. शिवाय रोज दोन फेरफटके, ऊन चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर; बाहेर पट्टा हवाच. उकडते म्हणून त्याचे केस मात्र भादरू नयेत. ते दुपदरी आवरण उन्हापासूनही कातडी राखते.

पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहायला मागावेत, कारण खुब्याचा सांधा सैल असणे हा या जातीतला आनुवंशिक दोष आहे. पहिले वर्षभर त्याला धाडधाड जिने उतरू देऊ नये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. जेवण दोन वेळा, आणि जेवल्यावर तासभर विश्रांती.

दिवाळीत विशेष जपावे. चिवड्यातला कांदा, लाडवातला बेदाणा आणि पाहुण्यांनी आणलेले चॉकलेट ही तिन्ही त्याला विषासमान. फटाके वाजू लागले की खिडक्या लावून आतल्या खोलीत त्याच्याजवळ कुणीतरी बसावे. भित्रा म्हणून हसू नये. रागावू तर मुळीच नये.

आणखी एक हिशेब आधीच करावा. हा कुत्रा साधारण ९ ते १३ वर्षे जगतो. पिल्लू येताना पहिलीत असलेला मुलगा दहावीला बसेपर्यंत ते म्हातारे झालेले असते. शेरूचे मागचे पाय आता जिन्यावर अडखळतात. मी आणि थोरला त्याच्या पोटाखाली पंचा धरून त्याला दुसऱ्या मजल्यावर आणतो. वर्तमानपत्र मात्र तो अजून दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.

एवढे करण्याची घरातल्या सर्वांची तयारी असेल, तर पिल्लू अवश्य आणावे. नसेल, तर दाराला एक चांगलेसे कुलूप आणावे.