ज्यू बालक आणि पेतांभक्त आजोबा

1942 च्या जुलैत, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, फ्रेंच पोलिसांनी सरकारी दफ्तरातील नोंदींवरून तेरा हजारांवर ज्यू माणसे पकडली, आणि त्यांत चार हजारांहून अधिक बालके होती. अशा अमलात पोटच्या पोराला परक्या घरी, ख्रिस्ती नावाने लपविणे, एवढाच मार्ग कित्येक मातापित्यांपुढे उरला. असेच बालपण काढलेल्या क्लोद बेरी यांनी 1967 साली त्यावर आपला पहिला दीर्घ चित्रपट काढला. त्यातील आठ वर्षांचा क्लोद नवे आडनाव व ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून, सुंता दिसू नये म्हणून कोणासमोर स्नान न करण्याची ताकीद घेऊन, ग्रनोबलजवळच्या ज्या वृद्धाकडे जातो, तो जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच सरकारचे प्रमुख मार्शल पेतां यांचा भक्त असून देशाच्या सर्व दुर्दशेचे खापर ज्यूंवर फोडतो. मात्र सशाचे मांस त्याला खाववत नाही, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तो शेजारी बसवून भरवतो. ज्यूंचे नाक मोठे असते, असे तो सांगतो, तेव्हा पोर त्याच्याच नाकाकडे बोट दाखवते! द्वेष्टा मनुष्य निखळ प्रेमळही असू शकतो, हे भयंकर सत्य बेरींनी राक्षस न रंगवता दाखविले, हीच त्यांची थोरवी. मिशेल सिमों यांना या वृद्धाच्या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक लाभले. आपला लाडका पोर ज्यू आहे, हे त्या वृद्धाला अखेरपर्यंत कळत नाही.