नव्यावर जुने नको!

५.९ आणि ५.१० यांत मोठा कोण? गणितात ५.९. पण पुस्तकात परिच्छेद ५.१० हा ५.९ च्या नंतरचा! संगणकातील फायलींचे आवृत्ती-क्रमांक असेच, पुस्तकासारखे वाचायचे असतात.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या सीडीत पुढच्या दुरुस्त्या मिसळून नवी सीडी बनवता येई. मात्र एकच फाईल अनेक दुरुस्त्यांत असे. 'आरपीसीएसएस.डीएलएल' हीच घ्या. जुलै २००३ मध्ये तिच्यातील एक भगदाड बुजवले गेले. ज्यांनी ती दुरुस्ती केली नाही, त्यांच्या संगणकांत ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' हा उपद्रवी प्रोग्रॅम घुसला. सप्टेंबरमध्ये आणखी भगदाडे बुजवणारी नवी फाईल आली. आता सीडी बनवताना सप्टेंबरच्या फायलीवर जुलैची चढली तर? ती भगदाडे पुन्हा उघडी, आणि तीही त्या सीडीवरून सज्ज केलेल्या प्रत्येक संगणकात!

म्हणून क्रमांकाचे भाग डावीकडून एकेक ताडायचे. पहिला फरक दिसेल तेथे मोठी संख्या असलेली फाईल नवी. ५.१.२६००.२१८० पेक्षा ५.१.२६००.५५१२ नवी. मिसळण्याचा क्रम कोणताही असो, नवीच ठेवायची.

सांगा पाहू, ६.९.१५ आणि ६.१०.२ यांत नवी कोणती?