फाइल पोचत नाही तिथे

रूट कॅनल म्हणजे नस काढणं, अशी आपली समजूत. पण खरी लढाई नसेशी नसून जंतूंशी आहे. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतला मऊ गर उघडा पाडला. साध्या उंदरांचा गर सडला, मुळाशी गळू झालं. निर्जंतुक वातावरणात वाढलेल्या उंदरांच्या त्याच जखमेत अन्नाचे कण रुतले होते, तरी गर जिवंत राहिला आणि त्याने स्वतःवर नवं कठीण छतही घातलं!

मग जंतू शिरलेली मुळातली नळी साफ करायची, इतकंच ना? इथेच गोम आहे. झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या दातांमध्ये रबर भरलं, मग दात विरघळवला. हाती उरला तो पोकळीचा साचा, आणि त्यात सरळ नळी अशी क्वचितच होती. फाटे, आडव्या जोडवाटा, चपट्या खाचा, टोकाशी त्रिभुज प्रदेशासारखी फुटलेली तोंडं. वरच्या पहिल्या दाढेत तर तीन मुळं असूनही बहुधा चौथी नळी लपलेली असते.

या भुलभुलैयात डेंटिस्ट उतरवतात ती दहा नंबरची फाइल, म्हणजे भिंती घासायची बारीक तार, टोकाशी ०.१ मिलिमीटर जाड असते. मुळाचा शेवट आला हे कळतं विजेमुळे. आपल्या ओठाला अडकवलेला तो हूक त्यासाठीच. फाइलचं टोक मुळाबाहेरच्या ऊतीला भिडलं की ते आणि तोंडातलं ओलं अस्तर यांच्यातला विद्युतरोध जवळपास ठरलेला असतो, साधारण ६.५ किलोओहम. वय कितीही असो, दात कोणताही असो. जपानच्या सुनादांनी १९६२ मध्ये हे मांडलं. आजची यंत्रं अधिक हुशार आहेत, पण मूळ कल्पना तीच.

तरीही फाइल सगळीकडे पोचत नाही. २००१ मध्ये, पुन्हा झ्युरिकमध्येच, नळ्यांचं फायलिंगच्या आधी आणि नंतर सूक्ष्म सीटी स्कॅनिंग झालं. भिंतींचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग फाइलने शिवलेलाच नव्हता. म्हणजे फाइलचं मोठं काम घासणं नव्हे, पाण्याला वाट करून देणं.

ते पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, चक्क ब्लीच. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी त्याचंच ०.५ टक्क्याचं द्रावण सैनिकांच्या जखमा धुवायला आणलं होतं. ते जंतू मारतं आणि मेलेला गर विरघळवतं. फायलिंगने भिंतीवर थापलेला खनिज चिखल मात्र त्याला दाद देत नाही. तो निघतो ईडीटीएने, कारण ते कॅल्शियम पकडतं. ब्लीचला जिवंत-मेलेलं कळत नाही. म्हणून ते आत सोडणाऱ्या सुईला टोकाऐवजी बाजूला भोक, आणि दाताभोवती ताणलेलं रबर डॅम. ते रबर पेशंटला नकोसं होतं खरं, पण मला विचाराल तर सगळ्या सरंजामातली सर्वांत शहाणी वस्तू तीच.

साफ झालेली पोकळी बुजवायला गुलाबी गटापर्चा. मलायातल्या झाडाचा हा चीक. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी तार टाकली, तिच्यावरचं वेष्टनही याचंच. खारं पाणी त्याला खात नाही, ऊब दिली की ते मऊ होतं. दातात भरायच्या कांडीत चीक कमी, झिंक ऑक्साइडच जास्त. भिंतीला ते चिकटत नाही, म्हणून फटी भरायला सोबत सीलरचा पातळ लेप लागतो.

एवढं करून दुखणं थांबलं की कित्येक जण दातावर बसवायच्या कॅपला दांडी मारतात आणि तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्‌महिने काढतात. ते झिजलं की लाळ झिरपते, आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत.