शपथेची तारीख आणि विमानाचे तिकीट

आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की परदेशचे नागरिकत्व घेण्याशी मानखुर्दच्या माणसाचा संबंध काय? ज्याला ते घ्यावयाचे असेल तो तिकडे बसून घेईल. परंतु आपल्या शेजारपाजाराकडे जरा पाहा. मानखुर्द, अणुशक्तीनगर, ट्रॉम्बे, चेंबूर या टापूतील कितीतरी घरांतील मुले शिकून अमेरिकेस, इंग्लंडास, ऑस्ट्रेलियास गेली आणि तेथेच स्थिरावली. आईवडील मात्र येथेच राहिले. मुंज, लग्न, आजारपण आणि अखेरचे दर्शन ही निमित्ते येथे उत्पन्न होतात, आणि विमानात बसावयाचे असते तिकडच्याला. म्हणून त्याच्या शपथेची तारीख काय, हे येथल्या घरच्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. नवे नागरिकत्व मिळण्याचा दिवस आणि नवा पासपोर्ट हाती पडण्याचा दिवस, हे दोन वेगळे दिवस आहेत. या दोहोंच्या मधल्या काळात माणसाजवळ प्रवासाचा एकही खरा कागद नसतो. जुना गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. शहाण्याने प्रवास करावयाचा तो या काळाच्या अलीकडे किंवा पलीकडे करावा. मध्ये करू नये.

आता हा काळ उत्पन्न तरी कसा होतो ते पाहू. उदाहरणासाठी अमेरिका घेऊ.

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सारे ग्रीन कार्ड म्हणतात तो, मिळाल्यावर सामान्यतः पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पती किंवा पत्नी तिकडची नागरिक असून दोघे एकत्र नांदत असतील, तर ही मुदत तीन वर्षांची आहे. पाच वर्षांचा नियम लागू असेल, तर त्यांपैकी एकूण निदान तीस महिने तरी प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर काढलेले असावे लागतात. शिवाय एकाच खेपेस सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ‘तुमचे वास्तव्य खंडित झाले’ असे गृहीत धरले जाते. मग आपले घर, नोकरी, कर हे सारे तिकडेच चालू होते असे पुराव्यानिशी दाखवून ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. वर्षभर किंवा त्याहून अधिक बाहेर राहिले, तर वास्तव्य बहुधा तुटतेच, आणि वर्षांची मोजणी बऱ्याच अंशी नव्याने करावी लागते.

हे आपण येथे का लक्षात ठेवावयाचे? तर वडिलांच्या शुश्रूषेसाठी मुलगा येतो, आणि महिना महिना करीत त्याचे राहणे लांबते. आई म्हणते, “अरे, आलाच आहेस तर दिवाळी करून जा.” तिच्या म्हणण्यात वावगे काहीच नाही; पण पाचवा महिना संपत आलेला असेल, तर त्या दिवाळीची किंमत मोठी पडण्याचा संभव आहे. अशा वेळी त्याने एकदा परत जाऊन पुन्हा यावे, हेच बरे. तेवढ्यानेही सारे आपोआप सुरळीत होते असे नाही, कारण वारंवार व लांबलांब गैरहजेरीची चौकशी होऊ शकते. तरी वाट पुष्कळच सोपी होते.

अर्ज केल्यानंतर प्रवासाला बंदी नाही. पुष्कळांची समजूत अशी असते, की अर्ज गेला म्हणजे आता देश सोडता येत नाही. ही समजूत चुकीची आहे. ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट हे दोन्ही त्या काळात जिवंत असतात. अडचण होते ती बोलावण्यांची. प्रथम बोटांचे ठसे, पुढे मुलाखत आणि तीतच इंग्रजीची व तेथील इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा, अशी बोलावणी टपालाने येतात. मुलाखतीस न कळविता गैरहजर राहिल्यास अर्ज बाजूला ठेवला जातो, आणि वर्षाच्या आत तो पुन्हा उघडून घेतला नाही, तर निकालात निघतो. तारीख बदलून मागता येते. पण ती आधी मागावयाची असते. म्हणून मागे टपाल उघडून पाहणारे कोणीतरी विश्वासू माणूस असावे. अर्जात आणि मुलाखतीत गेल्या काही वर्षांतील सर्व प्रवासांचा हिशेब द्यावा लागतो. गेल्या-आल्याच्या तारखा एका वहीत टिपून ठेवणाऱ्याला त्या वेळी घाम फुटत नाही.

मुलाखत पार पडली, की उरते शपथ. काही ठिकाणी ती त्याच दिवशी होते, काही ठिकाणी आठवड्यांनी होते. मधल्या काळात प्रवास करता येतो. मात्र शपथेच्या दिवशी एका कागदावर ‘मुलाखतीनंतर आपण देशाबाहेर गेला होता काय’ असा प्रश्न असतो, आणि त्याचे खरे उत्तर द्यावयाचे असते. शपथेची नेमलेली तारीख सोयीची नसेल, तर कारण देऊन पुढची मागता येते. योग्य कारणावाचून एकाहून अधिक वेळा गैरहजर राहिले, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते.

आता खरे घोडे कोठे पेंड खाते ते सांगतो. शपथेच्या वेळी ग्रीन कार्ड परत घेतले जाते. त्याच्या बदल्यात नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र मोलाचे खरे, पण तो पासपोर्ट नव्हे. त्यावर विमानात बसता येत नाही. पासपोर्टसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जासोबत तेच मूळ प्रमाणपत्र जोडून पाठवावे लागते. म्हणजे काही आठवडे ते प्रमाणपत्रही हाती नसते. जादा फी भरून हे काम लवकर करून घेता येते. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा प्राणांतिक आजार असेल, तर वेळ ठरवून पासपोर्ट कचेरीत जाण्याची तातडीची सोयही आहे. पण सोय आहे म्हणजे उद्याच्या विमानाची खात्री आहे, असे नव्हे.

आणि भारतीय पासपोर्टाचे काय? येथेच सुशिक्षित माणसेही फसतात. त्या पुस्तिकेवर अजून चार वर्षांची मुदत छापलेली असते, फोटो आपलाच असतो. मग घरून फोन जातो, “जुना पासपोर्ट आहे ना? त्यावर ये.” मित्रहो, असे कधीही सांगू नका. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्पष्ट आहे. भारताच्या नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी कोणी नोटीस काढीत नाही, कोणी सही मागत नाही. तिकडे शपथ पुरी झाली, की इकडचे संपले. राज्यघटनेचा नववा अनुच्छेदही याच तत्त्वाचा आहे. दोन डगरींवर पाय ठेवण्याची मुभा आपल्या कायद्याने दिलेली नाही. त्यानंतर तो पासपोर्ट वापरणे हा गुन्हा ठरतो. तो वकिलातीकडे परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. रेशनकार्डावर नव्या जागी नाव चढवावयाचे, तर जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आपण आणीतच होतो. हाही तसलाच प्रकार, फक्त थोरल्या प्रमाणावर.

नवा पासपोर्ट आला, तरी भारतात यावयास त्यावर परवानगी लागते, कारण आता तो मुलगा कायद्याच्या दृष्टीने परदेशी आहे. ज्या घरात तो रांगला त्या घरी येण्यास त्याला व्हिसा लागावा, हे ऐकताना आईच्या पोटात कालवते. पण वस्तुस्थिती तशी आहे. २००५ पासून अशांसाठी ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही व्यवस्था आहे. तिचे ओसीआय कार्ड म्हणजे वस्तुतः आजन्म व्हिसा होय. त्यावर कितीही वेळा येता येते, कितीही दिवस राहता येते. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, घटनात्मक पदे धारण करता येत नाहीत. हे कार्ड मिळण्यास आठवडे लागतात. पहिल्या खेपेस घाई असेल, तर नव्या पासपोर्टावर ई-व्हिसा घेऊन यावे आणि ओसीआयचे काम सवडीने करावे. मात्र तिकिटापूर्वी त्या वेळचे नियम वकिलातीच्या सूचनांत पाहून घ्यावेत. ते बदलत असतात.

मुलांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घाटकोपरात जन्मलेला, ग्रीन कार्डावर तिकडे वाढणारा बारा वर्षांचा नातू असेल, तर बापाने शपथ घेताच, तो बापाजवळ त्याच्या ताब्यात राहत असल्यास, तोही आपोआप अमेरिकेचा नागरिक होतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठीचा हा कायदा २००१ पासून अंमलात आहे. पोराने शपथ घेतलेली नसते, म्हणून घरातल्यांच्या ध्यानात येत नाही. आणि सुट्टीचे तिकीट त्याच्या जुन्या पासपोर्टावर काढले जाते. त्यालाही नवा पासपोर्ट लागतो. सुनेचा अर्ज मात्र स्वतंत्र असतो. तिची शपथ निराळ्या दिवशी असेल, तर एकाच घरातील माणसे निराळ्या कागदांवर प्रवास करतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा. लग्नानंतर नाव बदललेले असेल, तर सर्व कागदांवर आणि तिकिटावर ते एकाच प्रकारे लिहिलेले आहे ना, हेही पाहावे.

इतर देशांत तपशील निराळा, पण सांगाडा हाच. ऑस्ट्रेलियात नागरिक होताच कायम वास्तव्याचा व्हिसा संपतो. इंग्लंडात निमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांत समारंभास हजर राहावे लागते. आणि आपला नववा कलम-नियम तर देश कोणताही असो, सर्वांना सारखाच.

यात अन्याय फक्त परकेच करतात असेही समजू नका. भारताचे नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्या परदेशी सुनेलाही अर्जापूर्वीचे बारा महिने सलग भारतात राहावे लागते. त्या वर्षात माहेरी आई आजारी पडली तर? २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत एकूण तीस दिवसांपर्यंतची सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. म्हणजे आजारी आई हा प्रश्न आपल्या कायदेमंडळापुढेही आलाच. जगातील कोणतेही राज्य नव्या नागरिकाला हेच विचारते: तू येथे राहतोस ना?

एवढी काळजी ज्या कागदाची करावयाची, तो मिळविण्यासाठी आपल्या लोकांनी काय सोसले तेही आठवावे. अहमदाबादेस जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले आणि पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होण्यास अपात्र, असा निकाल दिला. लगोलग पूर्वी नागरिक झालेल्यांवर दावे आले. पंडितांनी आपला खटला स्वतः लढविला, आणि १९२६ साली अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्या लोकांना तो दरवाजा कायद्याने उघडला तो १९४६ साली. आणि तेव्हाही हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी वर्षाला जागा ठेवल्या होत्या फक्त शंभर.

आता घरी करावयाच्या गोष्टी. मुलाची मुलाखत झाली असे कळले, की शपथ कधी, हे विचारा. घरचे लग्न ठरवावयाचे असेल, तर मुहूर्त शपथेच्या पुष्कळ आधीचा किंवा दोन-तीन महिने नंतरचा पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणाची प्रकृती खालावत असेल, तर ती त्याच्यापासून लपवू नका. “उगाच काळजी कशाला” म्हणून आपण गप्प बसतो. तो इकडे काय चालले आहे हे न जाणता शपथ घेतो. आठवड्याने फोन जातो, आणि त्याच्या हाती कागद नसतो. आधी कळले असते, तर त्याने तारीख पुढे मागून घेतली असती, ग्रीन कार्डावर आला असता, वडिलांशी बोलला असता, आणि परत जाऊन शांतपणे शपथ घेतली असती. नागरिकत्व महिनाभर थांबू शकते. बाकी साऱ्या गोष्टी थांबतात असे नाही.

आपण सारे रोज हार्बर मार्गाने जाणारे. मानखुर्द सुटले, की खाडीवरच्या पुलावर गाडी लागते आणि वाशी येईपर्यंत उतरावयास स्थानक नाही. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण ते ठाऊक असते. कोणाला निरोप द्यावयाचा असेल, तो आपण मानखुर्दास देतो किंवा वाशीला. शपथ आणि पासपोर्ट यांच्यामधली खाडीही अशीच आहे. ती फार रुंद नाही, पार होतेच. फक्त ती मध्ये आहे, एवढे गाडी सुटण्यापूर्वी दोन्ही काठांवरच्या माणसांनी एकमेकांना सांगून ठेवावे.