मोटारीतील दिशादर्शक पडदा : काही संज्ञा व त्यांचे अर्थ

जानेवारी २०२१ मधील एक दुर्घटना अनेकांच्या स्मरणात असेल. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार दिशादर्शक यंत्रणेने दाखविलेल्या वाटेने रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यातून जात असता, पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली. दोघे प्रवासी बचावले. चालकास मात्र प्राण गमवावे लागले. पडद्यावर तेथे पूल दिसत होता आणि तो खरोखरच तेथे होता. त्यावर पाणी आले आहे, एवढेच पडद्यास ठाऊक नव्हते.

दौऱ्यावरील शासकीय वाहने, रुग्णवाहिका आणि खासगी मोटारी यांत आता असे पडदे सर्रास आढळतात. त्यांवरील संज्ञा बहुतेक इंग्रजी असून त्या नित्य कानांवर पडतात. परंतु त्यांपैकी कोणती संज्ञा नेमकी कशाविषयी आहे, याचा उलगडा क्वचितच केला जातो. कोणत्या गोष्टीवर किती विसंबावे, हे मात्र त्यावरच अवलंबून असते.

सर्वांत परिचित संज्ञा 'जीपीएस'. उपग्रह आपली मोटार पाहतो आणि रस्ता सांगतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेने उभारलेली ही उपग्रहमाला सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते. प्रत्येक उपग्रह केवळ आपली वेळ आणि आपले स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. मोटारीतील ग्राहकयंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकते आणि ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतरे काढून स्वतःचे स्थान ठरविते. रेडिओलहरी सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. उपग्रहांत अणुघड्याळे बसविण्याचे कारण हेच. ग्राहकयंत्र उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही. आपली मोटार अस्तित्वात आहे, हे उपग्रहाच्या गावीही नसते. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू या याच प्रकारच्या यंत्रणा होत. भारताच्या 'नाविक' यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. या सर्वांचे सामाईक नाव 'जीएनएसएस'.

मेळघाटात वा सह्याद्रीच्या घाटांत भ्रमणध्वनीचे 'नेटवर्क' गेले की जीपीएसही गेले, असे अनेकजण म्हणतात. तेही बरोबर नाही. स्थान उपग्रहांवरून कळतच असते. जात असतो तो नकाशा, कारण तो त्या वेळी महाजालावरून मागविला जात असतो. प्रवासापूर्वी नकाशा यंत्रात उतरवून ठेवणे, यासच 'ऑफलाइन मॅप' म्हणतात.

स्थान अंकांत सांगण्याची रीत म्हणजे अक्षांश व रेखांश, म्हणजेच पडद्यावरील 'कोऑर्डिनेट्स'. ग्रामपंचायतींना ही संज्ञा विशेष उपयोगी आहे. एकाच नावाची गावे राज्यात कितीतरी. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजता मोजता थकावे. वाड्या, वस्त्या व पाडे नकाशावर नावानिशी असतीलच असे नाही. आरोग्य उपकेंद्राचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चार स्थळांपर्यंत दिले, तर जागा सुमारे ११ मीटरांपर्यंत निश्चित होते. येथे एक चूक मात्र वारंवार घडते. पुण्याचे अक्षांश सुमारे १८ अंश ३१ मिनिटे आहे. दशांश पद्धतीने ते १८.५२ होते, कारण एका अंशाची मिनिटे साठ असतात. ते १८.३१ असे नोंदविल्यास जागा सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेस सरकते. रुग्णवाहिकेसाठी हे अंतर थोडे नव्हे.

'रूट' म्हणजे मार्ग. नकाशातील रस्ते व चौक यांचे जाळे धरून यंत्र गणिताने तो काढते. या गणिताची मूळ रीत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. 'शॉर्टेस्ट' म्हणजे अंतराने कमी आणि 'फास्टेस्ट' म्हणजे वेळेने कमी; पहिला पर्याय निवडल्यास यंत्र बैलगाडीच्या वाटेनेही नेऊ शकते. पोहोचण्याची अपेक्षित वेळ, म्हणजे 'ईटीए', रस्त्यावर गृहीत धरलेल्या वेगावरून आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या इतरांच्या भ्रमणध्वनींवरून मिळालेल्या माहितीवरून काढली जाते. ज्या रस्त्याने कोणी जातच नाही, तेथे ही दुसरी माहिती नसते. पुलावरील पाणी, खचलेली दरड, अपुरे बांधकाम यांची नोंद कोणीतरी केल्याखेरीज गणितात उतरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हाही दिशादर्शक नकाशाचा प्रश्न पुढे आला होता.

बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत, तरीही मोटारीत बसविलेल्या पडद्यावरील बाण पुढे सरकतो. चाकांचा वेग आणि वळण्याची दिशा यांवरून काढलेल्या या अंदाजास 'डेड रेकनिंग' म्हणतात. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीचा सुमारे ८ किलोमीटरांचा बोगदा पार करताना याचा प्रत्यय येतो. ही युक्ती उपग्रहांहून जुनी आहे. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानात आणलेले यंत्र उपग्रहांवाचूनच, पारदर्शक नकाशापत्रावर मोटारीची जागा दाखवीत असे.

ध्वनी व चित्र यांच्या संज्ञा तुलनेने सोप्या आहेत. पडदा, रेडिओ व नियंत्रण एकत्र असलेला भाग म्हणजे 'हेड युनिट'. 'बॅलन्स' आवाज डावीउजवीकडे, तर 'फेडर' पुढेमागे विभागतो. 'ब्लूटूथ' हे तारेविना जोडणीचे नाव दहाव्या शतकातील एका डॅनिश राजावरून आले आहे! मार्गसूचनेचा आवाज ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र नित्याची. कित्येक यंत्रांत गाण्यांचा आवाज आणि सूचनांचा आवाज यांची पातळी निरनिराळी असते. सूचना चालू असतानाच कळ फिरविली, तर दुसरी पातळी बदलते.

चालत्या मोटारीत चालकासमोर चित्रपट दिसू नये, म्हणून पडद्याची एक तार हातब्रेकशी जोडलेली असते. ब्रेक सुटला की चित्र बंद होते. काही दुकानांत ही तार परस्पर वळवून दिली जाते. तसे करून घेऊ नये. ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातातील उपकरणाचा वापर केवळ मार्गदर्शनापुरता आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो.